ज्याची त्याची बॅटरी

विजेच्या गाडीची बॅटरी संपली की ती तासन्‌तास चार्ज करत बसायचं नाही, सरळ काढायची आणि भरलेली दुसरी बसवायची, ही कल्पना मी पहिल्यांदा ऐकली ती दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, तोंड उघडं असताना. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे काही झालं त्याला माझी संमती होती असं डॉक्टर अजूनही चारचौघांत सांगतात. मी फक्त ‘आ’ केला होता. तोही त्यांनीच करायला सांगितला म्हणून.

“गॅस संपला की आपण सिलिंडर भरत बसतो का?” डॉक्टर माझ्या अक्कलदाढेला विचारत होते. “रिकामा देतो, भरलेला घेतो. हे तसंच. एक कंपनी गल्लोगल्ली अशी केंद्रं काढणार आहे. जागा आपली, कपाट त्यांचं, बॅटऱ्या त्यांच्या. तुमच्या घराखाली गॅरेज आहे ना?”

“आं,” मी म्हणालो. याचा अर्थ, आहे, पण त्यात माझी बायको असते.

“मग झालं तर,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी यंत्र सुरू केलं.

मला धंदा करायची हौस कधीच नव्हती. मी विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासतो. रोज दुसऱ्याचं जळलेलं दुकान बघणाऱ्याला स्वतःचं दुकान काढावंसं सहसा वाटत नाही. पण मला एक खोड आहे. कुठलाही धंदा दिसला की तो चालतो कसा हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. न्हाव्याकडे गेलो की मी आरशात स्वतःकडे न बघता मागच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघतो. एका लाँड्रीवाल्याला मी इतक्या चौकशा केल्या की तो मला आयकर खात्यातला समजला आणि माझे शर्ट त्याने फुकट इस्त्री करून दिले. ते मी घेतले. चौकशीचंही काही मोल असतंच.

तेव्हा दाढ बधिर असली तरी डोकं चालू झालं होतं. कपाटात भरलेल्या बॅटऱ्या ठेवायच्या किती? जास्त ठेवल्या तर भांडवल नुसतं पडून राहणार, कमी ठेवल्या तर गिऱ्हाईक हात हलवत परत जाणार. सगळे एकदमच आले तर? कोणीच आलं नाही तर? घरी पोहोचेपर्यंत गालाची सूज उतरली होती आणि हा प्रश्न चढला होता.

आमच्या गॅरेजात गाडी कधी राहिलीच नाही. गाडी रस्त्यावर असायची आणि गॅरेजात बायकोचा बाइंडिंगचा कारखाना. कारखाना हा शब्द तिचा. लांब लाकडी टेबल, चाक फिरवून आवळायचा लोखंडी प्रेस, पुठ्ठे कापायचा कटर, खळीचं पातेलं आणि भिंतीवर रंगीत दोऱ्यांची रिळं. शाळा-कॉलेजांची, वकिलांची, डॉक्टरांची फाटकी पुस्तकं तिथे अंग टाकून यायची आणि ताठ पाठीने परत जायची. तिथे तिला कोणी हाक मारलेली खपत नसे. घरात ती माझी बायको होती, गॅरेजात ती मालकीण होती, आणि हा फरक मी बऱ्याच वर्षांपूर्वी नीट समजून घेतला होता.

मी विषय काढला तेव्हा ती एका जाडजूड शब्दकोशाला खळ लावत होती.

“फक्त बघायचंय गं, की हे चालतं का,” मी म्हणालो.

“तुमचं बघणं मला माहीत आहे. मधमाश्यासुद्धा तुम्ही फक्त बघणारच होतात.”

मधमाश्यांचा विषय मी इथे काढणार नाही.

तिने शब्दकोशाच्या पाठीवरून कुंचला शेवटपर्यंत फिरवला. मग म्हणाली, “सहा महिने. सध्या काम बेताचंच आहे, तोवर मी वर घरात भागवते. नाही चाललं तर गॅरेज मला परत आणि धंदा हा शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही.”

“आणि चाललं तर?”

“चाललं तर तुम्हीच ठरवा. मी बघेन तुम्ही काय ठरवता ते.”

हे मला त्या वेळी फार सोपं वाटलं होतं.

गिऱ्हाइकांची चिंता नव्हती. आमच्या गल्लीत त्या वर्षी एकाच जातीच्या छोट्या विजेच्या गाड्यांची साथ आली होती. डॉक्टरांनी घेतली म्हणून वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी घेतली, वकीलबाईंनी घेतली म्हणून आम्ही घेतली, आणि आम्हाला परवडते म्हटल्यावर उरलेल्या गल्लीचा स्वाभिमान जागा झाला. गाडीच्या डिकीत दोन बॅटऱ्या, प्रत्येकीला वरून मूठ, वजन भरल्या प्रवासी बॅगेएवढं. ओढून काढायच्या, ढकलून बसवायच्या. आपल्या बॅटऱ्या योजनेत घातल्या की मग हवं तेव्हा येऊन रिकामी द्यायची, भरलेली न्यायची, महिन्याची ठरलेली वर्गणी द्यायची.

चिंता होती ती परवान्याची. नगरपालिकेतल्या परवाना विभागातल्या साहेबांनी विचारलं, “पंप, गॅरेज की गोदाम?” मी म्हणालो, यातलं काहीच नाही. ते म्हणाले, मग तुम्हाला परवाना लागत नाही, पण परवान्याशिवाय तुम्हाला काही करता येणार नाही. मी वीज कार्यालयात गेलो. तिथल्या बाई हुशार होत्या, हे मी दुःखाने लिहितो.

“तुम्ही वीज विकणार?” त्यांनी विचारलं. “वीज विकायचा अधिकार आमचा आहे.”

“नाही, नाही. आम्ही पेटी भाड्याने देणार.”

“पेटीत काय असतं?”

“वीज.”

“म्हणजे वीज विकणार.”

“पण पेटी परत येते ना, बाई.”

“भरलेली?”

“रिकामी.”

“मग आतलं कुठे गेलं?”

आयुष्यात इतका साधा प्रश्न मला इतक्या खोलात कोणी विचारला नव्हता. बसने घरी येताना मी खिडकीबाहेर बघत आतलं कुठे गेलं याचाच विचार करत होतो.

वकीलबाईंनी जिन्यातच तोडगा काढला. त्यांचे सगळे तोडगे जिन्यात निघतात, कारण घरात त्या फी घेतात. त्यांच्या सांगण्यावरून मी पुन्हा नगरपालिकेत गेलो आणि ‘खुर्च्या, भांडी व तत्सम वस्तू भाड्याने देणे’ या सदरात अर्ज केला. तो लगेच मंजूर झाला. भविष्यातल्या वाहतुकीचं आमचं केंद्र कायद्याच्या नजरेत तत्सम वस्तू होतं.

कपाट आलं ते शटरमधून आत जाईना. शटर काढलं, चौकट काढली, कपाट आत गेलं, मग चौकट बसेना. तोवर बायकोचं सामान वर पोहोचलं होतं. टेबल स्वयंपाकघराच्या दारात, पुठ्ठे सोफ्यामागे, रिळं माझ्या शर्टांच्या कपाटात आणि प्रेस आमच्या शयनगृहात पलंगाच्या पायथ्याशी, कारण घरातली तेवढीच फरशी त्याचं वजन पेलेल असं गवंड्याने सांगितलं. त्या प्रेसचं चाक नेमकं माझ्या डाव्या पायाच्या नडगीच्या उंचीवर होतं. पुढचे सहा महिने मी लंगडत ऑफिसला गेलो आणि तिथल्या साहेबांना, मला संधिवात आहे, असं सांगितलं, कारण पुस्तकांच्या प्रेसवर झोपेत लाथ मारली हे कोणत्याच रजेच्या अर्जात शोभत नाही.

उद्घाटनाच्या दिवशी मी नवा शर्ट घातला. खिशात दोऱ्याचं एक रीळ राहून गेलं होतं, ते कोणी सांगितलं नाही. पहिले गिऱ्हाईक अर्थातच डॉक्टर. त्यांनी रिकाम्या बॅटऱ्या दिल्या, भरलेल्या घेतल्या, चुटकीसरशी काम झालं, गल्लीने टाळ्या वाजवल्या. माझा ऊर भरून आला. मला वाटलं, बघा, एवढं सोपं असतं.

संध्याकाळी डॉक्टर परत आले.

“काय झालं? बंद पडली?”

“नाही. उत्तम आहेत.” ते जरा घुटमळले. “माझ्या झाल्या का चार्ज?”

“कुठल्या तुमच्या?”

“अहो, माझ्या. सकाळी ठेवून गेलो त्या. या नव्या चांगल्याच आहेत, पण आधी कोणी कशा वापरल्या असतील देव जाणे. मी माझ्या कधी पार संपू दिल्या नाहीत, उन्हात ठेवल्या नाहीत. आपला दात तो आपला दात. कवळी कितीही भारी घेतली तरी ती कवळीच.”

“पण डॉक्टर, सिलिंडरचं तुम्हीच म्हणाला होतात.”

“सिलिंडर कोणी विकत घेतो का? बॅटरी मी गाडीबरोबर विकत घेतलीय.”

मी त्यांच्या बॅटऱ्या शोधून दिल्या. कपाट आपल्या मर्जीने सर्वांत भरलेला खण उघडायचं, पण देखभालीसाठी माझ्याकडे किल्ली होती आणि तिने कुठलाही खण उघडता यायचा. ती किल्ली त्या दिवशी वापरली हीच माझी घोडचूक. दुसऱ्या दिवशी वकीलबाई आल्या.

“डॉक्टरांना स्वतःच्या मिळाल्या म्हणे. मग मला परक्या का? योजनेत घातल्या म्हणजे ठेवायला दिल्या, दान नाही केल्या.”

आठवड्याभरात सगळ्या गल्लीचा नेम ठरून गेला. सकाळी कामाला जाताना आपली रिकामी बॅटरी आमच्याकडे ठेवायची आणि वेळ भागवायला कंपनीची एक घेऊन जायची. तिला सगळे ‘पाहुणी’ म्हणायचे. दिवसभर आपली बॅटरी माझ्या गॅरेजात आरामात चार्ज व्हायची. संध्याकाळी पाहुणी परत करायची आणि आपली घरी न्यायची. जाताना तिच्यावरून हात फिरवायचा. वकीलबाई तर डिकीत ठेवण्याआधी तिला पदराने पुसायच्या.

मला यातलं गणित कळत होतं आणि म्हणूनच झोप लागत नव्हती. नडगी हे दुसरं कारण. एका गाडीला एक जोडी पुरावी, शिल्लक थोड्याच लागाव्यात, यावर हा सगळा धंदा उभा. इथे प्रत्येकाची एक जोडी कामावर आणि एक जोडी विश्रांतीला. एका माणसाचं काम आणि दोन माणसांचा पगार. त्यात सगळे सकाळी एकाच वेळी येणार, एकमेकांच्या गाड्या अडवणार, दुपारभर मात्र गॅरेजात मी सुटी घेऊन माशा मारणार.

आणि बॅटऱ्या ओळखायच्या कशा? सगळ्या एकसारख्या करड्या. नंबर होता, पण तो बुडाशी, मुंगीच्या अक्षरात. बॅटरी उलटी केल्याशिवाय दिसायचा नाही, आणि एवढं वजन उलटं करण्याची गल्लीत कोणाची प्राज्ञा नव्हती. एकदा डॉक्टरांची बॅटरी वकीलबाईंना गेल्याचा संशय आला तेव्हा दोघंही गॅरेजात असे उभे राहिले, की मला माझ्या ऑफिसातले दावे आठवले. शेवटी बायकोच खाली आली. हातात रिळांची टोपली.

“प्रत्येकाने आपला रंग सांगा,” ती म्हणाली आणि तिने बाइंडिंगचा मेण लावलेला दोरा एकेका मुठीला बांधून दिला. डॉक्टर निळा, वकीलबाई लाल, आम्ही हिरवा. भांडणं बंद. मी तिचे आभार मानले. ती म्हणाली, “मला वर आवाज येतो. शिलाई चुकते.”

असे महिने गेले. खरं सांगायचं तर मीही बदललो. सुरुवातीला मी सगळ्यांना हसायचो. मग एके दिवशी लक्षात आलं की आमची गाडीसुद्धा हिरव्या दोऱ्याच्या बॅटऱ्यांवर वेगळीच चालते. चढावर दमत नाही, सुरू होताना एक मऊ गुणगुण करते. पाहुणीवर ती तशी करायची नाही. हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती पुस्तकाची पानं जुळवत होती. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी मुठीवरचे दोरे बघितले तर तेही कसे स्वच्छ, ताजे दिसत होते. आपली वस्तू आपल्या घरात राहिली की तिला तेज येतं, असं मला मनापासून वाटलं.

कंपनीचा फोन येणार आणि ते कपाट उचलून नेणार याची मी वाटच बघत होतो. फोन आला.

“सर, अभिनंदन,” पलीकडून कंपनीचे साहेब म्हणाले. आवाजावरून माझ्या भाच्याएवढे वाटले. “तुमचं केंद्र सगळ्या केंद्रांमध्ये पहिलं आहे. एवढे बदल कुठेच होत नाहीत. दुसऱ्या नंबरच्या दुपटीने जास्त.”

दुपटीने का, हे मला क्षणात कळलं. सकाळी पाहुणी नेली हा एक बदल, संध्याकाळी परत केली हा दुसरा. त्यांच्या कार्यालयातलं यंत्र दारं किती वेळा उघडली तेवढंच मोजत होतं. ज्या गल्लीत एकही माणूस बॅटरी बदलायला तयार नव्हता, ती गल्ली बॅटरी बदलण्यात अव्वल होती.

मी हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण पहिला नंबर ही वस्तू मला शाळेतही कधी मिळाली नव्हती. मी म्हणालो, “लोकांचा प्रतिसाद चांगला आहे.” हे खोटं नव्हतं.

साहेब पुढच्याच आठवड्यात यायचे होते. त्यांना पाच वर्षांचा करार करायचा होता. आणखी एक कपाट, त्यासाठी गॅरेजाला लागून असलेली खोलीसुद्धा. मी घरात ही बातमी सांगितली तेव्हा बायको टेबल पुसत होती.

“मलाही फोन आला होता,” ती म्हणाली. “कॉलेजच्या ग्रंथालयातून. सगळी जुनी पुस्तकं बांधून घ्यायचीत. दोन-तीन वर्षांचं काम. ग्रंथपालबाई आधी कारखाना बघायला येणार आहेत.”

“कुठला कारखाना?”

तिने टेबलावरचा एक पुठ्ठा उचलून सोफ्यामागे सरकवला. मला माझाच प्रश्न ऐकू आला.

मग ती म्हणाली, “मला ते काम हवंय. इतकं मोठं काम मला कधी मिळालं नव्हतं. एवढंच सांगायचं होतं. बाकी तुम्ही ठरवाल म्हणाला होतात.”

हे ‘तुम्ही ठरवा’ तीच म्हणाली होती, पण त्या क्षणी ते दाखवून देण्याइतका मी मूर्ख नव्हतो. त्या आठवड्यात मी बरंच काही ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी ते बदललं. बॅटरीसारखं.

साहेब ठरल्या दिवशी आले. ग्रंथपालबाई दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या, पण त्यांची दुसरी कुठलीशी बैठक रद्द झाली म्हणून त्याही त्याच वेळी आल्या, त्याच जातीच्या विजेच्या गाडीतून. बायको त्यांना वर घेऊन गेली. साहेब खाली कपाटाचे फोटो काढत होते. मधल्या जिन्यात मी.

वरून ग्रंथपालबाईंचा आवाज आला, “आणि प्रेस कुठे आहे?”

“आत आहे,” बायको म्हणाली. मग शयनगृहाचं दार उघडल्याचा आवाज. मी दोन पायऱ्या वर चढून बघितलं. ग्रंथपालबाई आमच्या पलंगाच्या कडेला अवघडून बसल्या होत्या, पाय वर घेऊन, कारण खाली प्रेस होता. बायको उभी होती आणि तिने हात पदराखाली घेतले होते. त्या हातांना खळ लागलेली असली तरी ती कधी ते लपवत नाही. त्या दिवशी लपवले होते. मला फार वाईट वाटलं. इतकं, की नडगीचं दुखणं विसरलो.

खालून साहेबांनी हाक मारली. “सर, एक छोटा व्हिडिओ करू. तुमच्याच गाडीची बॅटरी बदलून दाखवा. यंत्र देईल ती घ्यायची.”

मी खाली गेलो. डिकी उघडली, बॅटऱ्या काढल्या, रिकाम्या खणात ठेवल्या. कपाटाने भरलेला खण आपोआप उघडला. आत निळा दोरा. साहेबांनी फोन माझ्यावर रोखला होता. आणि मी, भविष्यातल्या वाहतुकीचा अव्वल केंद्रचालक, मख्ख उभा राहिलो. निळा दोरा म्हणजे डॉक्टरांची. ती मी माझ्या गाडीत घालू? त्यांना कळलं तर? आणि माझ्या हिरव्या तिथे आत एकट्या? माझा हात माझ्या नकळत खिशात गेला आणि किल्ली काढून माझाच खण उघडू लागला.

“सर, हे काय करताय? त्या रिकाम्या आहेत.”

“हो,” मी म्हणालो. “पण माझ्या आहेत.”

मग मी त्यांना सगळं सांगितलं. पाहुणी, दोरे, सकाळ-संध्याकाळ. ते फोन खाली करून ऐकत राहिले. मला वाटलं रागावतील. पण गडी माझ्याच जातीचा निघाला. त्याचे डोळे चमकत होते. “म्हणजे कोणीच बदलत नाही? एकही? हे तर आमच्या कुठल्याच अंदाजात नव्हतं.” आम्ही दोघांनी पायरीवर बसून अर्धा तास चर्चा केली. चुकलं कुठे हा प्रश्न इतका रंगला की करार बाजूलाच राहिला.

ग्रंथपालबाई जिना उतरत होत्या. त्यांनी शेवटचं ऐकलं असावं. “ग्रंथालयातलं पुस्तक लोक बिनतक्रार नेतात,” त्या म्हणाल्या. “आधी शंभर जणांनी वाचलेलं असलं तरी. कारण ते मुळात कोणाचंच नसतं. तुम्ही बॅटरी आधी विकलीत आणि मग वाटून घ्या म्हणालात. गाडी विकायची, बॅटरी विकायचीच नाही.”

साहेबांनी हे लिहून घेतलं. मग मला हळूच म्हणाले, “सर, तरीही आकडा हा आकडाच असतो. पैसे घालणारे दोरे बघायला येत नाहीत. तुम्ही सही केलीत तर माझी हरकत नाही. पाच वर्षं.”

बायको जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होती. तिने हे ऐकलं. बघेन म्हणाली होती, तशी बघत होती.

“नको,” मी म्हणालो. मग ग्रंथपालबाईंकडे वळलो. “बाई, तुम्ही बघायला आलात तो कारखाना हा. सध्या जरा कपाट मध्ये आलंय. आठवड्याभरात निघेल. तुमची पुस्तकं इथे बांधली जातील, पलंगापाशी नाही.”

ग्रंथपालबाईंनी गॅरेजात वर-खाली बघितलं. “उजेड चांगला आहे,” त्या म्हणाल्या आणि बायकोशी दोऱ्याच्या जाडीबद्दल बोलू लागल्या.

कपाट गेलं. जाण्याआधी सगळ्यांनी आपापल्या रंगाच्या बॅटऱ्या नेल्या. वकीलबाईंना गहिवरून आलं. डॉक्टर म्हणाले, “बघा, किती महिने झाले, पण अजून तशीच चालते. शेवटी आपलं ते आपलं.” मी प्रेस खाली उतरवून घेतला, भिंतीवर रिळं लावली, चौकट बसवली. गॅरेजात पुस्तकांचे ढीग आले. सुटीच्या दिवशी मी बायकोच्या हाताखाली काम करू लागलो, म्हणजे ती शिवते तेव्हा दोऱ्याचं दुसरं टोक ताणून धरायचं.

एके दिवशी ती हिरवा दोरा ओवत होती.

“हा रंग टिकतो हं,” मी म्हणालो. “बॅटरीवर इतके महिने होता, पण शेवटपर्यंत नवा दिसायचा.”

“दिसेल नाही तर काय. धुवायची मी.”

“काय?”

“दोरे. पहिल्याच महिन्यात तुमचे ते हात लागून लागून कळकट झाले होते. दुपारी तुमच्या किल्लीने खण उघडून सगळ्यांचे सोडले, साबणात टाकले, वाळवले आणि परत बांधले. नंतर दर पंधरा दिवसांनी धुवायची. बाइंडिंगचं सामान असं मळकं मला बघवत नाही.”

“पण ज्याचा त्यालाच बांधलास ना?”

“ते मला काय ठाऊक? करड्या सगळ्या सारख्याच. हाताला येईल तो बांधला.”

मी टोक धरून तसाच बसलो. डॉक्टरांचा दात, वकीलबाईंचा पदर, आमच्या गाडीची ती मऊ गुणगुण. सगळी गल्ली महिनोन्‌महिने दुसऱ्याच्या बॅटऱ्या घालून फिरत होती, आणि एकाचीही तक्रार नव्हती. म्हणजे बदल होत होता. खराखुरा. म्हणजे आपली आहे असं नुसतं वाटलं तरी माणसाला पुरतं, आणि मग पाहुण्यांची गरज नाही, दुप्पट भांडवलाची गरज नाही, म्हणजे तो धंदा...

“चालत होता,” मी म्हणालो. “अगं, तो धंदा चालला असता.”

“हो, मला वाटतच होतं.”

“मग साहेब आले होते तेव्हा बोलली का नाहीस?”

तिने सुई पुठ्ठ्यातून ओढून घेतली आणि पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. तिलाही खरंच जाणून घ्यायचं असावं.

“बोलले असते, तर त्या दिवशी गॅरेज दिलं असतंत का मला?”

मी तोंड उघडलं. डॉक्टरांच्या खुर्चीत बसावं तसा मी नुसताच ‘आ’ करून बसलो. तिने त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला, सैल पडलेला दोरा माझ्या बोटांना पुन्हा एक वेढा देऊन घट्ट केला आणि म्हणाली, “धरा नीट.”